वहीच्या पानावर आपला परिसर

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली, की तब्येतीच्या आधी पंचगंगेची विचारपूस होते. "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती आलं?" हा प्रश्न रिक्षात, चहाच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेत कुठेही ऐकू येतो. 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावरून उद्या पाणी कुठल्या गल्लीपर्यंत चढेल याचे अंदाज घरोघरी बांधले जातात. या बोलण्यात निरीक्षण असते, मोजमाप असते, मागच्या पुरांशी तुलनाही असते. मात्र स्वतः पाहिलेले स्वतःच्या हाताने टिपून ठेवणारे फार थोडे. पाणी उतरते, रस्ते धुतले जातात आणि आपण काय पाहिले होते ते महिन्याभरात पुसट होऊन जाते.

पाहिलेले टिपून ठेवण्याची साधी सोय म्हणजे निसर्गवही. आपल्या आसपासचे झाड, पान, पक्षी, ढग, पाणी, माती यांतले काहीतरी रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा नीट पाहायचे आणि तारीख घालून चित्र, शब्द व आकड्यांत वहीत उतरवायचे. एवढेच तिचे स्वरूप. तिला महागडे सामान लागत नाही, शिकवणी लागत नाही आणि चित्रकलेचा "हात" तर मुळीच लागत नाही. सर्जनशीलता ही मोजक्या लोकांना जन्मतः मिळालेली देणगी आहे, या समजुतीने आपल्याकडच्या कितीतरी हातांतली पेन्सिल शाळेबरोबरच सुटते. खरे तर ती पाहण्याच्या, विचारण्याच्या आणि हाताने करून बघण्याच्या सवयीतून वाढते. ही सवय कोणत्याही वयात लागू शकते.

जास्वंद किती पाकळ्यांची?

चित्र काढल्याने पाहणे कसे बदलते, हे पटवून घ्यायला जास्वंदीचे एक फूल पुरे. गणपतीला वाहायला लावलेले जास्वंदीचे झुडूप कोल्हापुरातल्या कितीतरी अंगणांत आणि गॅलऱ्यांत असते. आधी फुलाकडे न बघता, आठवणीने त्याचे चित्र काढा. बहुतेकांच्या कागदावर पाच सारख्या पाकळ्या आणि मधोमध ठिपके असलेली एक काडी उतरते. आता ताजे फूल समोर ठेवा आणि दहा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहून दुसरे चित्र काढा.

पहिल्यांदा ध्यानात येते, की पाकळ्या एकमेकींशेजारी मांडून ठेवलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते, तर दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली दडलेली असते. म्हणून सबंध फुलाला किंचित पीळ पडल्यासारखा दिसतो. पाकळीवरच्या शिरा तळाशी दाट असतात आणि कडेकडे फाकत जातात. मधली काडी टोकाशी पाच छोट्या फांद्यांत फुटते, प्रत्येक फांदीच्या टोकाला मखमली लाल ठिपका असतो. त्याच्या खाली परागांची पिवळी बोंडे काडीभोवती दाटीने लागलेली असतात. फूल उलटे धरले, की हिरव्या पेल्याच्या बाहेर बारीक हिरव्या पट्ट्यांचे आणखी एक कडे दिसते. जन्मभर देव्हाऱ्यात वाहिलेल्या फुलाचा हा भाग आपण कधी पाहिलेलाच नसतो.

असे का होते? ओळखीची वस्तू दिसली, की मेंदू तिला पटकन नाव देतो आणि पुढे जातो. "जास्वंद" एवढे कळले, की त्याचे काम झाले. रोजच्या धावपळीत हे सोयीचेच आहे. प्रत्येक पानाकडे थांबून पाहत बसलो तर महाद्वार रोडवरून घरी पोहोचायला रात्र होईल. चित्र काढताना मात्र ही घाई चालत नाही. रेघ कुठून सुरू करायची, कुठे वळवायची, कुठे थांबवायची, याचे उत्तर नावात सापडत नाही. त्यासाठी डोळ्यांना पुन्हा पुन्हा त्या वस्तूकडे जावे लागते. म्हणूनच कच्चे, वाकडेतिकडे चित्रही पाहणाऱ्याला खूप काही देऊन जाते.

अमेरिकेतले कलाशिक्षक किमॉन निकोलाईडिस यांच्या 1941 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात यासाठी एक सराव दिला आहे. वस्तूच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीने सरकवायची आणि त्याच गतीने पेन्सिल कागदावर चालवायची, कागदाकडे न बघता. हे चित्र हमखास विचित्र येते. त्यामुळे "चांगले आले पाहिजे" हे दडपण गळून पडते आणि नजर मोकळी होते. वही सुरू करायला बिचकणाऱ्यांनी पहिली चार-पाच पाने याच सरावाने भरावीत.

मनाला आणि स्मरणशक्तीला काय मिळते?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोगमाला प्रसिद्ध केली. लोकांना साध्या शब्दांची यादी दिली. काही शब्दांचे झटपट चित्र काढायला सांगितले, काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले. नंतर आठवायला सांगितल्यावर चित्र काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त आठवले. चित्र चांगले होते की वाईट, याने फरक पडला नाही. चित्र काढताना शब्दाचा अर्थ, डोळ्यासमोरचे रूप आणि हाताची हालचाल अशा तीन वाटांनी ती गोष्ट मनात शिरते, हे त्यामागचे स्पष्टीकरण.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 39 प्रौढांनी पाऊण तास माती, रंग, कागद यांच्याशी मनसोक्त खेळ केला. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे शरीरावरचा ताण दाखवणारे संप्रेरक, मोजले गेले. सुमारे तीन चतुर्थांश जणांत ते कमी झालेले आढळले. आधी कलेचा अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यात विशेष फरक दिसला नाही. हा अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण शेतातून किंवा दुकानातून दमून आलेल्या माणसाने अर्धा तास रांगोळीत घालवल्यावर त्याला जे हलके वाटते, त्याच्याशी तो जुळणारा आहे.

कलापुराचा धडा

कोल्हापूरला "कलापूर" म्हणतात. या नावामागच्या माणसांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते: त्यांनी आपल्या आसपासच्या गोष्टींवर नजर रोखली आणि हाताशी होते त्यातून काम उभे केले.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मुंबईत राहून नाव कमावता आले असते, पण ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी चित्रकार म्हणून काम करू लागले. त्यांच्या निसर्गचित्रांचे विषय कोल्हापूरकरांच्या रोजच्या वाटेवरचे: रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट. पाण्यावरचा प्रकाश पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला कसा पालटतो हे ज्याने वर्षानुवर्षे एकाच काठावर बसून पाहिले, त्याचीच ही चित्रे असू शकतात. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो आणि पाणी उतरले की पुन्हा उघडा पडतो. एकाच जागेवरून दर महिन्याला त्याचे चित्र काढले, तर वर्षभरात तलावाच्या पाण्याचा आलेखच वहीत तयार होईल. आबालाल 1931 साली वारले, पण त्यांनी दाखवलेल्या जागा आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

बाबूराव पेंटर (1890–1954) यांची गोष्ट करून बघण्याच्या हिमतीची. सुतारकाम आणि मूर्तिकाम चालणाऱ्या मेस्त्री घराण्यात ते वाढले. कला महाविद्यालयाची पायरी न चढता ते आणि त्यांचे आते-मामेभाऊ आनंदराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवण्यात नाणावले. पुढे चलच्चित्रांनी दोघांना झपाटले. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून तो कोल्हापुरातच बनवायचा ध्यास त्यांनी घेतला. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही. तो देशी कॅमेरा तयार झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली "सैरंध्री" पडद्यावर आला. यंत्र उघडून पाहणे, त्याचे भाग समजून घेणे, जुळत नसेल तर पुन्हा घडवणे, यालाच रोजच्या भाषेत आपण सर्जनशीलता म्हणतो.

बाबूरावांच्या तालमीत तयार झालेले चंद्रकांत मांडरे (1913–2001) मराठी चित्रपटाचे नायक म्हणून घराघरांत पोहोचले, पण त्यांनी चित्रकला कधी सोडली नाही. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातच पाहायला मिळतात; ते घर त्यांनी चित्रांसह शासनाला दिले आणि तिथे आज संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तिथे जा. एका मोठ्या नटाने आयुष्यभर वेळ काढून डोंगर, झाडे आणि वाटा चितारल्या, हे पाहिल्यावर "मला वेळ मिळत नाही" ही तक्रार आपोआप लहान होते.

व्यंकटेश माडगूळकर यांचा उल्लेख इथे हवाच. माणदेशातून ते चित्रकला शिकायला कोल्हापूरला आले होते. पुढे ते लेखक म्हणून नावाजले, पण रेखाटनाचा नाद सुटला नाही. "नागझिरा" आणि वानरांच्या टोळ्यांवरची "सत्तांतर" या पुस्तकांमागे जंगलात तासन्‌तास बसून केलेले निरीक्षण आहे. "सत्तांतर"ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिहिणारा हात आणि रेखाटणारा हात एकमेकांना किती बळ देतात, याचा मराठीतला हा उत्तम दाखला आहे.

सणांनी शिकवलेल्या कला

मुलांसाठी "आर्ट प्रोजेक्ट" शोधायला आपण मोबाईल उघडतो, तेव्हा आपल्या अंगणातलेच प्रकल्प विसरतो. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, गौरीच्या वेळी तेरड्याची फुले, हस्त नक्षत्रात हादगा, दिवाळीत किल्ला: ऋतू आणि हात यांची सांगड घालणारे हे वार्षिक वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

हादग्यात पाटावर हत्ती काढायचा, त्याला त्या दिवसांत मिळणाऱ्या फुलाफळांच्या माळा घालायच्या आणि फेर धरायचा. कोणती फुले मिळाली, कोणती मिळाली नाहीत, हे मुलींना आपसूक कळायचे. त्यांची यादी वहीत केली, की सोळा दिवसांच्या खेळातून परिसरातील वनस्पतींची नोंद तयार होते.

किल्ला तर इतिहास, भूगोल, शिल्प आणि शेती यांचा एकत्र वर्ग आहे. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या पोरांनी दगड-विटांवर ओले पोते पसरून चिखल लिंपला, की काळी माती आणि लाल माती वेगळ्या वागतात हे हाताला समजते. काळी माती वाळताना तडकते, कारण पाणी धरून फुगलेली तिची चिकणमाती पाणी गेल्यावर आकसते. किल्ल्यावर पेरलेले हळीव तीन-चार दिवसांत हिरवे होते, त्याच्या रोपांची उंची पट्टीने मोजून रोज टिपता येते. तयार किल्ला विकत आणला तर यातले काहीच हाताला लागत नाही.

वही कशी ठेवावी?

कोरी, बिनरेघी वही घ्या. चित्रकलेची लहान वही उत्तम. एक 2बी पेन्सिल, एक बॉलपेन, एक छोटी पट्टी, जमल्यास शाळेच्या जलरंगांची डबी. खोडरबर शक्यतो घरीच ठेवा. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढली, तर पुढच्या वेळी कुठे लक्ष द्यायचे ते कळते.

प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान लिहा. "ढगाळ, वारा पश्चिमेकडून, सकाळी सरी" एवढे चालते. या चार गोष्टी नसतील तर सुंदर चित्रही नोंद म्हणून लंगडे पडते; त्या असतील तर ओबडधोबड चित्रही पुढे उपयोगी पडते.

पुढे काय लिहावे हे सुचत नसेल, तर निसर्गवहीचे प्रसिद्ध प्रसारक जॉन म्यूर लॉज यांनी सुचवलेले तीन प्रश्न स्वतःला विचारा. मला काय दिसते आहे? मला कोणता प्रश्न पडतो आहे? हे पाहून मला कशाची आठवण होते? पहिल्या प्रश्नाने निरीक्षण पक्के होते, दुसऱ्याने कुतूहल जागे होते आणि तिसऱ्याने नव्याची जुन्याशी गाठ पडते.

मोजण्याची सवय ठेवा. पान किती सेंटिमीटर लांब, एका घोसात किती फुले, पाच मिनिटांत रंकाळ्यावर किती बगळे उडाले. एकच वस्तू तीन प्रकारे काढा: आहे तेवढी, मोठी करून तिचा एखादा भाग, आणि लांबून तिच्या जागेसह. एक जागा कायमची निवडा, म्हणजे घरासमोरचे झाड, टाउन हॉलच्या बागेतला जुना वृक्ष, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली एखादी वाट किंवा कळंबा तलावाचा काठ. त्याच जागी वर्षभर परत परत जा. नवीन ठिकाणे बघण्याने माहिती वाढते, पण बदल दिसतो तो एका जागी टिकून राहिल्याने. वेळ म्हणाल तर दहा मिनिटे भरपूर झाली. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक फळतात.

बारा महिन्यांचे विषय

वही सुरू करायला मुहूर्त लागत नाही, कारण कोल्हापूर परिसरात प्रत्येक महिन्याकडे दाखवण्यासारखे काहीतरी असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा पाने टाकून फुलांनी लाल-केशरी होतात. फुललेल्या काटेसावरीसमोर बसून कोणकोणते पक्षी मध प्यायला येतात, त्याची यादी करा. एप्रिल-मेमध्ये बहाव्याची पिवळी झुंबरे आणि तामणाची जांभळी फुले येतात. तामण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. बहाव्याच्या एका झुंबरात वरच्या कळ्या आधी उमलतात की टोकाच्या, हे दोन-तीन दिवस पाहून ठरवा. मेअखेरीला राधानगरी-दाजीपूरच्या रानात काजवे चमकू लागतात. पावशाची हाक कोणत्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, ती तारीख टिपा. मृगाचा पाऊस पडला, की ओल्या मातीवर लाल मखमली किडे फिरताना दिसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये वहीत पाणी येऊ द्या. बंधाऱ्याची पातळी रोज फुटात लिहा, शेजारी त्या दिवशीच्या नदीच्या रंगाचा एक ठिपका लावा. महिन्याभरात गढूळ तांबड्यापासून हिरवटापर्यंतची रंगांची पट्टी तयार होईल. सप्टेंबरमध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे फुलतात. फुले तोडू नका, त्यांच्यावर बसू नका. जवळ बसून काढा. तेरड्याची पिकलेली शेंग मात्र बोटाने हलके दाबून पाहण्यासारखी असते. तिच्या पाच पट्ट्या झटक्यात गुंडाळतात आणि बिया उडतात. दाबण्याआधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे काढली, की झाड पाय नसताना दूर कसे जाते, याचे उत्तर पानावर येते.

पुढे थंडीच्या तोंडावर उसाला पांढुरके तुरे येतात, ऊसतोड सुरू होते आणि गुऱ्हाळांची चुलाणे पेटतात. परीट पक्षी शेपटी हलवत पाणवठ्यांवर उतरतात, जोंधळ्याच्या शेतांवर भोरड्यांचे थवे येतात. तुऱ्याचे एक पाते भिंगाखाली धरून काढा. ऊस ही गवताच्या कुळातली वनस्पती आहे हे लगेच पटेल. जानेवारीत आंब्याचा मोहोर. आपल्या दारच्या आंब्याला तो कधी आला, ही तारीख दरवर्षी टिपत गेलात तर काही वर्षांत स्वतःचे छोटे संशोधन हाती येईल.

स्वयंपाकघरातले रंग

रंग विकत आणण्याआधी हळद घ्या. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून जाड कागदावर पसरवा आणि वाळू द्या. आता खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, काडीने किंवा कापसाच्या बोळ्याने त्या पिवळ्या कागदावर रेघा ओढा. रेघा तांबूस होत जातील. त्यावर लिंबाचा थेंब टाकला, की पुन्हा पिवळ्या. हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत लालसर होतो. हळदीपासून कुंकू तयार करण्याची जुनी रीतही याच गुणावर उभी आहे. हे चित्र उन्हात ठेवले तर फिकट पडते. अर्धा कागद झाकून आठवडाभर उन्हात ठेवा आणि फरक पाहा. चित्र, रसायनशास्त्र आणि परंपरा यांची गाठ इथे एका कागदावर पडते.

लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या, की त्या पाण्यातही लिंबाने व सोड्याने वेगवेगळ्या छटा येतात. गेरू, कोळसा, पालकाचा रस, बीट हेही करून पाहण्यासारखे. पानावर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा घासला, की शिरांचे जाळे उमटते. पिंपळ, वड, आंबा, फणस यांचे ठसे शेजारी शेजारी घेतले तर झाडांची ओळख पानांवरून होऊ लागते. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली, की कप्प्यांची चांदणी उमटते. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात ठेवले, की मांसल भाग कुजून जातो आणि नाजूक जाळी उरते. ती धुऊन, वाळवून वहीत चिकटवा. यांतल्या एकाही गोष्टीला बाजारात जावे लागत नाही.

मुलांशी बोलताना

लीलाताई पाटील यांनी 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक घडवण्याच्या क्षेत्रात आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर, मुलांनी भीतीशिवाय, अनुभवातून आणि आनंदाने शिकावे यासाठी त्यांनी हा प्रयोग मांडला. 2020 साली त्या गेल्या. मूल हे भरायचे भांडे नाही, ते स्वतः अर्थ शोधणारे माणूस आहे, ही त्यांच्या कामामागची धारणा घरातही तितकीच लागू पडते. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर पाने, बिया, शिंपले, खडे यांनाच शिक्षणाचे साहित्य बनवले होते. साधने गरिबीची असली तरी शिक्षण श्रीमंत असू शकते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

मुलाने चित्र दाखवले, की आपण एक तर "छान" म्हणून मोकळे होतो, नाहीतर "झाड असं असतं का?" म्हणून हातातला खडू काढून घेतो. दोन्हींनी संवाद संपतो. त्याऐवजी विचारा: "हे पान इथं वाकलंय, ते तू कसं पाहिलंस? इथं हा ठिपका कशाचा? उद्या परत बघूया का?" वहीला गुण देऊ नका, बक्षीस लावू नका, शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना करू नका. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी तर ही वही फार कामाची आहे, कारण स्मरणचित्र आठवणीतून यायला आठवणीत आधी काहीतरी नीट पाहिलेले असावे लागते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: तुमची स्वतःचीही वही असू द्या. आजी-आजोबांना सोबत घ्या. कोणत्या ओढ्याला पूर्वी उन्हाळ्यातही पाणी असायचे, कोणते झाड कुठे होते, हे त्यांच्याकडून ऐकून लिहिले, की वहीत मागचा काळही येतो.

साध्या नोंदींचे मोठे मोल

अमेरिकेतील लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने 1850 च्या दशकात कॉनकॉर्ड गावातल्या रानफुलांच्या उमलण्याच्या तारखा आपल्या आवडीखातर टिपल्या. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी आताच्या तारखांशी ताडून पाहिल्या. फुले सरासरी सात दिवस आधी उमलत असल्याचे दिसले. तापमानवाढीचा तो ठोस पुरावा ठरला. जपानमध्ये क्योटोच्या चेरीबहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या दैनंदिन्या आणि बखरींतून जुळवल्या आहेत. 2021 साली 26 मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या ज्ञात नोंदींतला सर्वांत लवकरचा होता. त्या दैनंदिन्या लिहिणाऱ्यांना आपण हवामानशास्त्रासाठी लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी "ऋतुचक्र"मध्ये चैत्र ते फाल्गुन असे महिने धरून झाडे, फुले, आभाळ पाहण्याचा संस्कार मराठी वाचकावर केला. झाडांची पालवी, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवणारा "सीझनवॉच" हा भारतीय उपक्रम 2010 पासून सुरू आहे. तुमच्या वहीतली नोंद तिथेही पोहोचवता येते. पंचगंगेचे पूर, रंकाळ्याचे पाणी, मसाई पठाराची फुले आणि आंब्याचा मोहोर यांच्याबद्दल पुढच्या पिढ्यांना विश्वासाने काही सांगायचे असेल, तर ते आजच्या लिहिलेल्या तारखांवरूनच सांगता येईल. वेधशाळा प्रत्येक गल्लीत नसते. वही प्रत्येक घरात असू शकते.

म्हणून हा लेख वाचून झाल्यावर एकच करा. घरात पडलेली एखादी वही काढा, पहिल्या पानावर आजची तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान लिहा, आणि दाराबाहेर सर्वांत आधी जे पान दिसेल ते दहा मिनिटे पाहून काढा. चित्र कसे आले याचा विचार करू नका. उद्या दुसरे पान काढा. वर्षभर हे टिकवलेत, तर आपण राहतो त्या गावाची खरी ओळख तुम्हाला होईल, आणि ती तुमच्या स्वतःच्या हाताने कमावलेली असेल.